एक्सबॉक्स सिरीज एस की एक्स?

भाचा अडकलाय, मायक्रोसॉफ्टच्या या दोन गेम कन्सोलपैकी एस घेऊ की एक्स. 2020 ला आले तेव्हा भारतात एस 34,990 ला नि एक्स 49,990 ला, मग हे 15 हजार वाचवले कुठून? प्रोसेसर जवळपास सारखाच, पण ग्राफिक्सची ताकद 12 टेराफ्लॉप्सवरून (गणिताच्या वेगाचं माप) 4 वर, डिस्क ड्राइव्ह गायब, आणि खरी कात्री रॅमवर, 16 जीबीऐवजी 10, त्यातही 2 जीबी एकदम स्लो. ग्राफिक्स कमी पडलं तर रिझोल्यूशन उतरवून भागतं हो, रॅम कुठून आणणार? बाल्डर्स गेट 3 या गेमचं स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळणं) एसवर बसेना म्हणून 2023 मध्ये सगळे एक्सबॉक्सवाले ताटकळले, एक्सवालेसुद्धा. एसच्या मूळ मॉडेलचं स्टोरेज म्हणायला 512 जीबी, वापरायला 364च. साधा टीव्ही आणि गेम पासवर (वर्गणी भरून गेम्स खेळायची सेवा) भागत असेल तर एस बास. 4के टीव्ही आहे, सेकंडहँड डिस्क घ्यायच्यात, तर डिस्कवाला एक्सच.