नाशिकच्या रविवार कारंज्यामागचं बिनपाटीचं रद्दीचं दुकान

सासूबाईंचे विणकाम-भरतकामाचे अंक दोन गोण्या भरून माळ्यावर पडून होते. आधी घराजवळच्याच एका रद्दीवाल्याला बोलावलं. बारा रुपये किलो म्हणाला आणि गोणी न सोडताच काट्याला अडकवली. वरच्या अंकाच्या पोटातला पॅटर्नचा मोठा कागद घरंगळला, तर तो चुरगाळून परत आत कोंबला. मी गोणी खाली उतरवून घेतली.

त्या कागदाशिवाय अंक म्हणजे नुसती चित्रं हो! १९५० साली जर्मनीत सुरू झालेल्या 'बुर्डा' या शिवणाच्या मासिकाचे वीसेक अंक होते त्यात. एकाच कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यातली आपल्या मापाची रेघ हुडकून बटर पेपरवर उतरवायची आणि शिलाईसाठी कापड आपलं आपण जास्त सोडायचं, ते त्यात धरलेलं नसतं. (मी नव्हतं सोडलं. लेकीचा फ्रॉक भाचीला गेला.)

नवरा म्हणाला, सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाक. १८४० पासूनचं वाचनालय आहे, मान्य. पण हे अंक कपाटात ठेवण्यासाठी नाहीत, मांडीवर घेऊन बसण्यासाठी आहेत.

मग शिवणाच्या क्लासमधल्या एकीने हे दुकान सांगितलं. इथले काका आधी काटा काढतच नाहीत. प्रत्येक अंक मधोमध उघडतात, पिना बघतात, कागद आहे ना बघतात, मग अंक उलटा धरून झटकतात. एकातून भरतकामाची नक्षी कापडावर छापायचा, भोकं पाडलेला खाका पडला, पोपटांची वेल, छापताना फिरवलेल्या रॉकेल-निळीने अजून निळसर. "ताई, हे तुमचं," म्हणून हातात दिला.

क्रोशाच्या एका पानावर सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'तिसऱ्या ओळीत एक खांब जास्त छापला आहे.' (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका.) मला वाटलं, लिहिलेल्या अंकाचे पैसे कापणार. तर म्हणाले, "असेच आधी जातात. कुणीतरी विणून बघितलंय ना."

कागदासकट अंकाला वीस रुपये, बाकीचे रद्दीच्या भावात. पुढे ते साठला विकतात, तेही माझ्यासमोरच सांगितलं. तक्रार एकच, पण मोठी: वर्षाचा संच फोडतात. पूर्ण १९८६ एकत्र ठेवा म्हणून विनवलं. "एकगठ्ठा घेणारं गिऱ्हाईक नाही," म्हणून त्यांनी तिथल्या तिथे तीन ढीग केले. पोटात कालवलं जरा.

स्वेटरचे अंक द्यायचे तर दिवाळीच्या आधी न्या. थंडीच्या तोंडावर बायका विचारत येतात, उन्हाळ्यात तेच अंक वजनावर जातात. न्यायला घरी कुणी येत नाही. बोळात रिक्षा शिरत नाही, त्यामुळे कारंज्यापासून हमाली आपलीच. सोमवारी बंद.