दांडिया बाजारातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, ४ स्टार
काकांना विचारलं चीनच्या धंद्यावर काही आहे का, तर आधी मंचुरियनच्या रेसिपीचं पुस्तक पुढे केलं 😄 मग माळ्यावरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं, चिनी व्यापाराचा इतिहास अभ्यासक कसा शोधतात त्यावर, १८० रुपयात. घराण्यांच्या वंशावळी, जुन्या हिशेबाच्या वह्या, करारनामे, सगळं चाळतात हे लोक. झिगोंग या चिनी शहरातल्या मिठाच्या विहिरींचे करार तर भारीच, मालकीचे हिस्से महिन्याच्या ३० दिवसांत मोजायचे, म्हणजे तुझे ४ दिवस माझे ६! आणि चीनचा पहिला कंपनी कायदा आला १९०४ मध्ये, हे त्याच्या कितीतरी आधीचं. एक स्टार कापला कारण मधली १६ पानं उलटी बाइंड झालीत, काका म्हणे चायना माल समजा. दुपारी जाऊ नका, झोपलेले असतात.