लातूरचे नीट क्लास: बॅच कशी पाडतात ते बघूनच फी भरा

उद्योग भवन परिसरात जाहिरात निकालाची असते, पण फी भरून लेकराच्या वाट्याला येते ती बॅच. टॉपर बॅचला नावाजलेले सर जास्त, खालच्या बॅचला कमीच. हुशार पोरं वेगळी बसवावीत की नाही, हा वाद जुनाच आहे. इथं मेख आहे ती निवडीत.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे एकूण गुण. ७२० पैकी ४०० मिळवणारे दोघे धरा. एकाला जीवशास्त्रात ३००, रसायनशास्त्रात ६०, भौतिकशास्त्रात ४०. दुसऱ्याला २००, १००, १००. बाक एकच, पण पहिल्याला भौतिकशास्त्र मुळापासून हवंय, तर दुसऱ्याला एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न् ओळ. निदान भौतिकशास्त्राची तरी बॅच वेगळी हवी. वेळापत्रक बसत नाही, हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

दुसरं, एकाच चाचणीवर बॅच ठरत असेल तर सावध. बरोबर उत्तराला ४, चुकलं की वजा १. म्हणजे एका प्रश्नात ५ गुणांची उलथापालथ. दोन ठोकताळे लागले-चुकले की १० गुण, आणि तेवढ्यात बॅच बदलते. निदान तीन चाचण्यांची सरासरी धरावी. त्यातही पहिली चाचणी इंग्रजीत असेल, तर औसा-निलंग्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या पोराची परीक्षा विषयाची कमी, भाषेची जास्त होते. नीट मराठीतूनही देता येते, मग पहिली चाचणी मराठीतून द्यायला काय हरकत?

खालची बॅच मुळातच वाईट, असं मात्र नाही. केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांवरचा डुफ्लो, ड्युपास आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पातळीनुसार वर्ग पाडल्यावर तिथं वरचे आणि खालचे, दोन्ही गट सुधारले. पण कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक, हे तिथं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. नावाजलेले सर वरच्या बॅचला आणि नवखे खालच्या, अशी वाटणी असेल तर तो दाखला आपल्याला लागू पडत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या पद्धतीतही वाचनाचे गट दिवसातले तास-दोन तासच असतात, आणि मूल पुढं सरकलं की गट बदलतो.

म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी दोन कागद मागा: खालच्या बॅचचं शिक्षकांच्या नावांसह वेळापत्रक, आणि मागच्या वर्षी दिवाळीपर्यंत खालून वर किती पोरं गेली त्याचा आकडा.