सांगलीत आईचं रेडिएशन केलं, त्याचा अनुभव
आईचं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्टेज पहिलीच, पण रिपोर्टमध्ये गाठ मोठी, खोलवर गेलेली आणि बारीक रक्तवाहिन्यांतपण पेशी दिसल्या म्हणून रेडिएशन सांगितलं. लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) क्लिअर निघाले, म्हणजे तिथे कॅन्सर पोचला नव्हता, नाहीतर सोबत केमोपण लागली असती, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, त्याला पैकीच्या पैकी मार्क. तासगावहून रोज एसटीने, 25 सिटिंग, पाच आठवडे. मशीनवर दहा-पंधरा मिनिटंच, पण त्याआधी पाणी पिऊन लघवी धरून बसायचं आणि नंबर दीड तासाने, आई पदर मुठीत आवळून बसायची, बघवायचं नाही, ही वेळ हॉस्पिटलने सुधारायलाच पाहिजे. टेक्निशियन ताई मात्र रोज "काकू, झालंच हं" म्हणत हात धरून उतरवायच्या.