गुडरिचचा किल्ला अन् वाय नदीवरची दोराची नाव, आईबाबांना घेऊन जा

भाऊ इंग्लंडात नोकरीला आहे म्हणून यंदा मी अन् बाबा महिनाभर त्याच्याकडे राहून आलो, अन् एवढ्या फिरण्यात मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेरफर्डशायरमधलं गुडरिच. लंडन नाही, गुडरिच. गाव एवढंसं, तिथं त्याला पॅरिश म्हणतात, पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा. टेकडीवर किल्ला अन् खालून वाय नदी. आमचं गाव पवनीजवळ वैनगंगेच्या काठावर, नदी अन् परकोट पाहतच मोठं झालेलो, त्यामुळे मला तिथं एक मिनिटही परकं वाटलं नाही.

किल्ला इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते, तिकीट आहे, गाडी लावून थोडं चालावं लागते. आत घुसायची घाई करू नका, पहिले खंदकापाशी थांबा. खडक फोडून खंदक केला अन् निघालेला तोच लाल दगड भिंतीला लावला, म्हणून खडक कुठं संपते अन् भिंत कुठून सुरू होते तेच कळत नाही, मी हात लावून लावून पाहिलं. मधातला चौकोनी बुरूज तेवढा करड्या दगडाचा, तो 12 व्या शतकातला, लाल काम नंतरचं, 13 व्या शतकाच्या शेवटी किल्ल्याचा तेव्हाचा धनी विल्यम द व्हॅलेन्सनं केलेलं.

अंगणात एक उखळी तोफ ठेवली आहे, रोअरिंग मेग नावाची. 1646 मध्ये तिथं यादवी चालू होती, राजाकडचे लोक किल्ल्यात अडकून बसले अन् पार्लमेंटकडच्या कर्नल बर्चनं ही तोफ त्याच भागात ओतवून घेतली, सुमारे 90 किलोचा पोकळ गोळा दारू भरून फेकायची. बाबा किती वेळ तिच्यापाशीच उभे. म्हणे, "पोरी, हे तं आपल्या धान कांडायच्या उखळावानीच हाये वं." बुड जाड, तोंड रुंद, लांबी कमी, खरंच तशीच. किल्ला हाती आल्यावर तो पुन्हा लढायच्या कामाचा राहू नये म्हणून पाडापाडी केली, अन् ते पडकं आजही पडकंच ठेवलं आहे, प्लास्टर नाही, रंग नाही, फक्त गवत नीट कापलेलं. हे मला फार पटलं.

बुरुजाचा जिना अरुंद अन् गोल गोल आहे, गुडघे दुखत असतील तर खालीच बसा, बाबा बसले. वरून नदीचं खोरं दिसते.

जेवणाचे मात्र हाल झाले, ज्या हॉटेलात गेलो तिथं शाकाहारी म्हणून नुसते उकडलेले बटाटे अन् तेही पाऊण तासानं, बरं झालं जवसाची चटणी सोबत होती.

आता खरी गोष्ट. तिथून सायमंड्स याट या नदीकाठच्या गावाला जाच, नदीच्या खालच्या अंगाला जवळच आहे. तिथं नाव वल्ह्यानं नाही, नदीवर आडवा दोर ताणलेला आहे अन् नावाडी उभ्यानं तो हातानं ओढत ओढत पैलतीरी नेते. नदीला पाणी चढलं की बंद ठेवतात, म्हणून आधी विचारून घ्या. पूल नव्हता तेव्हा बाबा डोंग्यानंच वैनगंगा ओलांडून शाळेत जात. ते पूर्ण वेळ नावाड्याच्या हाताकडेच पाहत होते, पलीकडे उतरले अन् म्हणाले अजून एकदा. तीनदा बसलो आम्ही.