गाडी वाहणाऱ्या गाड्या : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, मी रेसच्या गाड्या जमवत नाही. त्या गाड्या पाठीवर घेऊन ट्रॅकपर्यंत जाणारे ट्रक, म्हणजे ट्रान्सपोर्टर, जमवते; अर्थात खेळण्यातले, धातूचे. गेल्या श्रावणात पहिला ट्रान्सपोर्टर घरी आला, आता आषाढ लागलाय आणि कपाटात सहा उभे आहेत. तीन हॉट व्हील्सच्या ‘टीम ट्रान्सपोर्ट’ मालिकेतले, दोन दुसऱ्या एका कंपनीचे आणि एक कॉर्गी या ब्रिटिश खेळणी कंपनीचा, साठी ओलांडलेला. सगळे पाकिटातून काढलेले आहेत. पाकिटात बंद असलेल्या ट्रान्सपोर्टरबद्दल मला काहीच लिहिता येणार नाही, कारण माझ्या लेखी या वस्तूची परीक्षा एकच : रॅम्पवरून गाडी चढते का, आणि चढली की वर राहते का.

मी कोल्हापूरची. शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. कास्टिंगचा तुकडा कापायचा, घासायचा, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझं रोजचं काम. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तीस वर्षं इथल्याच फाउंड्र्यांचा माल टाटा १२१० मधून पुण्याकडे पोचवला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या केबिनमध्ये बसून मी खंबाटकी आणि कात्रज चढलेय. टीव्हीवर रेस लागली की माझी नजर अजूनही पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, मागं उभ्या असलेल्या ट्रककडे जाते. गाडी दोन तास पळते. तिला तिथवर आणणारा ट्रक त्याआधी कितीतरी रात्री पळलेला असतो.

पहिला घेतला तो साकुरा स्प्रिंटर. टीम ट्रान्सपोर्ट ही मालिका २०१८ पासून येते. एका पाकिटात एक ट्रक आणि एक गाडी, दोन्हींची बॉडी धातूची आणि टायर रबराचे. साकुरा स्प्रिंटर हा जपानी धाटणीचा, चपट्या तोंडाचा, उघड्या पाठीचा ट्रक आहे. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन. मग मी सवयीप्रमाणे त्याला उलटा केला आणि भिंग लावलं.

आमच्या फाउंड्रीत लोखंड साधारण १४०० अंशांवर वाळूच्या साच्यात ओततात आणि थंड झालं की तो साचा मोडून टाकतात. प्रत्येक नगाला नवा साचा. इथं गोष्ट वेगळी. जस्ताची मिश्रधातू चारशे-सव्वाचारशे अंशांना वितळवायची, दाबाने पोलादी साच्यात मारायची, साचा उघडला की पिना नग बाहेर ढकलतात आणि साचा पुन्हा मिटतो. त्या पिनांचे गोल ठसे बॉडीच्या आतल्या बाजूला स्पष्ट दिसतात. दोन अर्धे जिथं मिटतात तिथली रेघ केबिनच्या कडेकडेने अशी नेलीय, की रंगाखाली ती शोधावी लागते. चाकाच्या कमानीत कुठं बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलेली नाही. माझ्या टेबलावर कोणी हा नग आणून ठेवला असता तर मी पास केला असता.

गाडी आणि ट्रक एका मापात नाहीत, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. गाडी १:६४ च्या आसपास, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी, ट्रक त्याहून लहान मापात. ट्रक खऱ्या मापात केला तर तो त्या पाकिटात मावायचाच नाही. शेजारी ठेवल्यावर पहिले काही दिवस डोळ्यांना खटकतं. पण गाडी वर चढवली की माप विसरायला होतं, निदान मला तरी होतं. माझा दुसरा ट्रक फ्लीट फ्लायर. त्याच्या उतरत्या पाठीवर गाडी पुढं झुकून बसते तेव्हा तो ट्रक उभ्या उभ्या निघाल्यासारखा वाटतो. तिसरा सेकंड स्टोरी लॉरी, नावाप्रमाणे गाडी माडीवर घेणारा, जुन्या युरोपियन ट्रान्सपोर्टरच्या वळणाचा. या तिघांत माझा जीव त्याच्यावर.

आण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी साकुरा स्प्रिंटर हातात घेतला, चाकं फिरवून बघितली, गाडी वर ठेवली आणि ट्रक थोडा कलता केला. गाडी घसरून पलंगावर पडली.

‘‘दोर कुठं बांधायचा गं ह्याला? हूक कुठायत?’’

हूक नव्हते. त्यांनी आईच्या डब्यातून गोधडीचा दोरा मागून घेतला, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधून ओढला, ट्रकच्या तळाखालून फिरवून अशी गाठ मारली की दोरा ओढला की आवळतो आणि एका बोटाने सुटतो. मालावर ताडपत्री टाकून मारायचे तीच गाठ. टनांचा आणि किलोमीटरचा हिशोब करणारी बोटं नखाएवढ्या चाकात दोरा ओवत होती, चष्मा नाकावर, श्वास रोखलेला. तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक ट्रान्सपोर्टर दोऱ्याने बांधलेला आहे. तुम्हीही बांधून बघा. गाडी हलत नाही, रंगाला ओरखडा येत नाही आणि ट्रक एकदम खरा दिसायला लागतो. दोरा सुती घ्या, नायलॉनचा कडेला घासतो.

दुसऱ्या कंपनीच्या दोन ट्रकांचा अनुभव मात्र चांगला नाही. नाव लिहीत नाही, दोन नगांवरून कंपनीला बोल लावणं माझ्या धंद्यात बसत नाही. एकाचा रॅम्प तिसऱ्या महिन्यात बिजागरीपाशी तुटला. तुटलेली जागा भिंगाखाली धरली तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढी पोकळी होती. धातू साच्यात भरताना हवा अडकली की असं होतं, आम्ही त्याला ब्लोहोल म्हणतो. तो ट्रक आता रॅम्प खाली टाकलेल्या अवस्थेत एपॉक्सीने कायमचा चिकटवलाय. दुसऱ्याचा त्रास उन्हाळ्यात कळला. मी त्याला पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवला होता. एप्रिलनंतर उचलायला गेले तर टायर डबीच्या तळाला चिकटलेले, आणि ओढल्यावर प्लॅस्टिकवर चार काळपट, खोलगट खुणा. मऊ टायरमध्ये मऊपणासाठी घातलेलं तेलकट रसायन उष्णतेत बाहेर येतं आणि खालचं प्लॅस्टिक खातं. रबरी टायरवाला कुठलाही ट्रक थेट प्लॅस्टिकवर उभा करू नका. खाली जाड कागदाची पट्टी टाकली तरी भागतं.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे हाच खरा प्रश्न आहे. डाय-कास्ट, म्हणजे अशी पोलादी साच्यात दाबाने ओतलेली, खेळणी ज्या धातूची असतात तो झमॅक. जस्त, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, काही प्रकारांत तांबं. नावही जर्मन भाषेतल्या या चार धातूंच्या आद्याक्षरांवरून आलंय. या मिश्रणात शिसं किंवा कथील अगदी किंचित जास्त झालं तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो. नग फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची कितीतरी खेळणी अशी संपली. दमट आणि उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते आणि सुरू झाली की थांबवता येत नाही. अतिशुद्ध जस्त वापरायला लागल्यावर हा रोग आटोक्यात आला, म्हणून नव्या ट्रकांची मला फार काळजी नाही. पण दमटपणाने ॲक्सल गंजतात आणि छापलेली अक्षरं निस्तेज होतात, ते नव्यांनाही चुकत नाही.

सुरुवातीला मी नव्या प्लायवूडच्या शोकेसमध्ये ट्रक मांडले होते. नवं लाकूड आणि प्लाय बंद जागेत आम्लाची वाफ सोडतं आणि जस्ताला ती सोसत नाही. दोन महिन्यांनी सगळे उचलून आईच्या गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात नेले. प्रत्येक कोपऱ्यात सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजायचे. त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवलीय, स्वयंपाकाची वापरू नका. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आठ दिवसांत दाणे गुलाबी व्हायचे. या पावसाळ्यात कपाटाच्या दाराला रबराची पट्टी लावलीय, तर पंधरा दिवस टिकतात.

आता कॉर्गी. खरं तर मला लिहायचं होतं ते याच्याविषयी.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथं ‘एकुरी एकॉस’ नावाचा छोटा खासगी रेसिंग संघ होता. डेव्हिड मरे यांनी उभा केलेला. जॅग्वारच्या निळ्या डी-टाइप गाड्या घेऊन या संघाने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५७ ला तर दुसरा क्रमांकही त्यांचाच. आणि त्या काळात त्यांच्या गाड्या कशातून जायच्या? जुन्या, बदल करून घेतलेल्या बसमधून! त्यांचा स्वतःचा खास ट्रान्सपोर्टर तयार झाला तो विजयांनंतर, १९६० च्या सुमाराला. कॉमरच्या चासीवर फॉल्कर्कच्या वॉल्टर अलेक्झांडर या बस बांधणाऱ्या कंपनीने बॉडी चढवली. वर दोन गाड्या, खाली एक आणि पुढच्या भागात कार्यशाळा. इंजिन टीएस३ : तीन सिलिंडर, पण पिस्टन सहा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, टू-स्ट्रोक डिझेल. त्याच्या आवाजावरून लोक त्याला ‘कॉमर नॉकर’ म्हणायचे. हा ट्रक डिसेंबर २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १८ लाख पौंडांना गेला. आण्णांना हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘रेसची गाडी न्हवं, नुसता ट्रक?’’ हो, नुसता ट्रक.

त्याची छोटी प्रतिकृती कॉर्गीने १९६१ मध्ये काढली, क्रमांक ११२६. वेल्समधल्या स्वॉन्झीच्या कारखान्यात बनलेली. १९६५ पर्यंत ती बाजारात होती. तीन रेसगाड्यांसह भेट-संचही निघाला : व्हॅनवॉल, लोटस इलेव्हन आणि बीआरएम. व्हॅनवॉल तर वेगळ्याच संघाची गाडी, पण लहान मुलाला काय त्याचं!

माझी आतेबहीण लीड्सला असते. तिने तिथल्या जुन्या खेळण्यांच्या बाजारातून हा ट्रक साठ पौंडांना घेतला, खोका नाही, सोबत एकच गाडी, हिरवी व्हॅनवॉल. दिवाळीला येताना मोज्यात गुंडाळून आणला. लांबी जेमतेम वीतभर. कडांचा निळा रंग उडून राखाडी धातू दिसतो, आणि तो कुठं उडालाय ते बघण्यासारखं आहे : मागच्या रॅम्पच्या ओठावर आणि बाजूच्या सरकत्या दाराच्या खोबणीशी. म्हणजे कोणीतरी खूप वेळा गाड्या चढवल्या, उतरवल्या, दार सरकवलं. अंगठा जिथं धरतात तिथला रंग गुळगुळीत झालाय. भिंग लावून मी तासभर बसले होते. एकही भेग नाही, कुठं फुगवटा नाही. साठ वर्षांचं जस्त आणि रॅम्प अजून खाली येतो तेव्हा डुगडुगत नाही. दार सरकवलं की ‘खर्र’ आवाज होतो आणि मध्येच थोडं अडतं. मी त्यात तेल घातलेलं नाही. रंगही लावणार नाही. पुष्कळ जण असा ट्रक खरवडून नवा करतात, तो त्यांचा आनंद. मला त्या अंगठ्याच्या खुणा हव्या आहेत.

मर्सिडीजच्या निळ्या ट्रान्सपोर्टरचंही वेड डोक्यात आहे. १९५५ च्या शर्यतींसाठी केलेला, ३०० एसएल या स्पोर्ट्स गाडीचं १९२ अश्वशक्तीचं इंजिन घातलेला, पाठीवर गाडी घेऊन ताशी १७० किलोमीटर जाणारा. १९६७ मध्ये त्यांनी तो भंगारात काढला आणि नंतर कित्येक वर्षं खपून २००१ मध्ये तसाच दुसरा बांधला. सीएमसी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने त्याची १:१८ ची प्रतिकृती केलीय. तिची किंमत माझ्या आवाक्यात नाही, त्यामुळे फोटो बघते.

पैशांचं थोडक्यात. टीम ट्रान्सपोर्टचा एक संच मला दीड हजाराच्या आत-बाहेर पडला. एका विक्रेत्याने सेकंड स्टोरी लॉरीसाठी दुप्पट मागितले, मी थांबले आणि तीन महिन्यांनी छापील किमतीत मिळाला. थांबा, मिळतो. परदेशातून नवी खेळणी मागवणार असाल तर आधी हिशोब करा : खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर एकच घ्या, उघड्या पाठीचा घ्या, आणि त्याच दिवशी पाकीट फोडा. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात द्या. माझा भाचा चार वर्षांचा आहे, फ्लीट फ्लायर त्याच्या ताब्यात सहा महिने आहे, फरशीवर रोज आपटतो. रंगाचे चार टवके उडाले, चाकं सरळ आहेत.

कॉर्गीवर सध्या व्हॅनवॉल एकटीच आहे, आण्णांनी माडीवर पुढच्या बाजूला बांधलेली. मागची जागा रिकामी ठेवलीय. आतेबहिणीचा परवा निरोप आला, लोटस इलेव्हन दिसलीय, एक चाक नाही, घेऊ का? आण्णा म्हणाले, घे म्हण, चाक नसलं तरी ट्रकवरनंच जायचीय ती.