काळी माती, मुरूम, धसकटं: मिनिएचरच्या बेससाठी देशी सामान, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यानंतर

हा अनुभव 28 मिमी मापाच्या मराठा पायदळ आणि घोडदळाच्या छोट्या मूर्तींच्या (मिनिएचरच्या) बेसचा, म्हणजे पायाखालच्या बैठकीचा आहे. पायदळाला 25 मिमी गोल बेस, घोडेस्वाराला 25 × 50 मिमीची पट्टी. देखावा एकच ठरवलेला: रब्बी ज्वारी काढून झालेलं, भेगाळलेलं सोलापुरी रान. बाहेरून मागवलेली, सुकली की भेगाळणारी पेस्ट बाजूला ठेवून हे सगळं इथल्या सामानावर जमतं का, एवढाच प्रश्न होता. जमतं. पण सोलापुरात सगळा खेळ पाणी किती वेगानं उडतं याचा आहे. ते ध्यानात घेतलं नाही तर चांगलं सामानही दगा देतं.

आधी माती. काळी माती सुकल्यावर भेगाळते ती तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीमुळे. पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. पेस्टच्या डबीत जे कृत्रिमपणे घडवलेलं असतं ते इथं शेतातच मिळतं. ढेकळं फोडून आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग चहाच्या बारीक गाळणीतून काढावीत. चुनखडीचे पांढरे कण निघतील तेवढे वेचावेत, नाहीतर रंगाखालून टोचत राहतात. मग जुन्या तव्यावर मंद आचेवर अर्धा तास भाजावी. त्यानं मुळं, अंडी, बुरशी संपते. भाजणं म्हणजे गरम करणं. लालभडक तापवली तर चिकणमातीचा गुणच जातो आणि भेगा पडत नाहीत. चाळलेली 100 ग्रॅम माती एका अख्ख्या तुकडीला पुरून उरते.

मिश्रण: 4 भाग काळी माती, 1 भाग चाळलेला मुरूम, आणि श्रीखंडाइतकं दाट होईपर्यंत पाणी. त्यात चमचाभर पाण्यामागे फेविकॉलचे दोनच थेंब. जास्त घातला तर माती चामड्यासारखी ताणते, भेगच पडत नाही. पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार सुकताना वर येतात आणि काळ्या मातीवर पांढुरकी साय धरते. फिल्टरचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरावं.

बेस प्लास्टिकचा असेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून, गोंद लावून, वाळूचा एक थर चिकटवावा. गुळगुळीत प्लास्टिकवरून मातीची खपली अख्खी उचलली जाते. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचा) बेस असेल तर दोन्ही बाजू आणि कड आधी वॉर्निशनं बंद करावी. एकाच बाजूनं ओल लागली की 3 मिमीचा एमडीएफ वाकतो, आणि वाकलेला घोडदळाचा बेस टेबलावर डुगडुगतो.

थर 2 मिमीचा. जाडी वाढली की तुकडे मोठे आणि भेगा रुंद होतात. 28 मिमीची मूर्ती साधारण 1:56 मापाची धरली तर शेतातली 8 सेंमीची भेग बेसवर जेमतेम दीड मिमी. याहून रुंद भेग दिसली की शिपाई दरीच्या काठावर उभा वाटतो. 1 मिमीच्या खालचा थर नुसता तडकतो, आकार धरत नाही.

वाळवण्यात सगळ्यात जास्त माल वाया जातो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असताना पंख्याखाली ठेवलेला बेस तासाभरात वरून सुकतो, खालून ओलाच राहतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा पापडासारख्या वर वळतात. उपाय सोपा: बेसवर स्टीलचं पातेलं पालथं घालायचं, एका कडेला काडी सरकवून थोडी फट ठेवायची आणि रात्रभर विसरून जायचं. पावसाळ्यात उलटं. तेव्हा पातेलं नको, दोन दिवस लागतात आणि भेगा बारीक राहतात. पावसाळ्यात थर नेहमीपेक्षा अर्धा मिमी जास्त घेतला की फरक भरून निघतो.

यापुढची पायरी बहुतेकांची चुकते. सुकलेल्या भेगांवर सवयीनं पाणी-गोंद सोडला जातो. माती पुन्हा पाणी पिते, फुगते आणि भेगा डोळ्यांदेखत मिटतात. इथं पाणी नसलेलंच काहीतरी हवं. लाकडाला मारायचं लाखेचं पॉलिश यासाठी उत्तम: 1 भाग तयार पॉलिश, 3 भाग स्पिरिट, ड्रॉपरनं कडेकडेनं सोडायचं. माती ते शोषून घेते, अर्ध्या तासात पक्की होते, भेगा जशाच्या तशा. दोन हात पुरतात. पातळ सुपरग्लूही चालतो, पण महाग पडतो, ठिसूळ होतो आणि वाफ डोळ्यांना झोंबते. लाखेनंतर ॲक्रिलिक रंग बिनधास्त लावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र लांब ठेवा, लाख पुन्हा विरघळते.

पक्की झालेली माती कायम ओली असल्यासारखी गडद दिसते, कारण कणांमधल्या पोकळ्या भरलेल्या असतात. खरी सुकी काळी माती उन्हात करडी असते. म्हणून करडा आणि थोडा फिकट तपकिरी मिसळून कोरड्या ब्रशनं वरचे कंगोरे उजळायचे, भेगांच्या आत गडद ठेवायचं. शेवटी तीच चाळलेली सुकी माती मऊ ब्रशनं पुसून घ्यावी. या एका हातानं रंगवलेपणा जातो. विकतच्या पिगमेंट पावडरची गरज वाटली नाही.

आता धसकटं. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंमी, दोन रोपांत 15 सेंमी. मापात आणलं तर ओळींत 8 मिमी आणि रोपांत पावणेतीन मिमी. म्हणजे 25 मिमीच्या बेसवर तीनच ओळी बसतात, चौथी कोंबू नये. धसकटाची उंचीही अडीच-तीन मिमीच. केरसुणीच्या टोकाकडच्या बारीक काड्या जाडीला बरोबर बसतात. खराट्याची काडी या मापात बाभळीची फांदी होते (आणि त्यासाठी ती चांगलीच आहे). माती अर्धवट ओली असताना सुईनं भोकं पाडून ठेवायची, काड्या शेवटी सुपरग्लूच्या टिपक्यावर रोवायच्या. काड्या तिरक्या कापा, विळ्यानं कापल्यासारख्या. सगळ्या एका उंचीच्या केल्या की ब्रश रोवल्यासारखं दिसतं.

बांधावरच्या कुसळी गवतासाठी सुतळी उसवून वापरली, छान पिवळट दिसते. टॉवेलच्या कारखान्यातला सुती तंतूंचा कचरा मोफत मिळतो म्हणून मोह होतो, पण तो उभा राहत नाही, गोळा होतो. उभ्या गवताला नायलॉनचे तंतूच लागतात आणि ते उभे करायला स्थिर वीज (स्टॅटिक). डास मारायच्या रॅकेटमधून यंत्र बनतं: बॅटरी काढायची, कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या भागाची) दोन टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं जोडून त्यातली वीज उतरवायची, जाळी काढायची. एक तार स्टीलच्या गाळणीला, दुसरी हातभर लांब तार क्लिप लावून टाचणीला. टाचणी ओल्या गोंदात टेकलेली हवी, कारण प्लास्टिकचा बेस वीज नेत नाही. बॅटरी परत घालून, तंतू भरलेली गाळणी दोन-तीन सेंमीवर धरून हलवायची. 2 मिमीचे तंतू ताठ उभे राहतात, 4 मिमीचे बऱ्यापैकी, 6 मिमीचे आडवेच पडतात. तिथं विकतचं यंत्रच हवं. फार कोरड्या हवेत तंतू नीट विद्युतभार घेत नाहीत, फार दमट हवेत गुठळ्या होतात. उन्हाळ्यात तंतूंची वाटी कूलरच्या खोलीत तासभर ठेवा, मग कूलर बंद करूनच काम सुरू करा.

प्रायमरचा (रंगाआधीच्या पहिल्या थराचा) स्प्रे सकाळी आठच्या आत. दुपारी रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर रवाळ पडतो. पावसाळ्यात मॅट वॉर्निश मारलं तर पांढरं धुकं धरू शकतं. तेव्हा ब्रशनं लावायचं वॉर्निश बरं. सुपरग्लूला हवेतली ओल लागते, त्यामुळे मे महिन्यात तो रेंगाळतो. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली की क्षणात घट्ट.

काही महिन्यांच्या हाताळणीत काय टिकलं? भेगा पक्क्या, एकही तुकडा मधून निघाला नाही. कडेला, जिथं बोटं लागतात, तिथं मात्र माती झडते. म्हणून कडेची 1 मिमी पट्टी मोकळी सोडून रंगवणं चांगलं. धसकटं दर काही बेसमागे एखादं तुटतं, डागडुजी दोन मिनिटांची. सुतळीचं गवत उन्हात फिकं झालं, पण या देखाव्याला ते शोभतंच. पत्र्याच्या कपाटात उन्हाळाभर ठेवलेल्या बेसमध्ये फेविकॉलनं जोडलेले फोमचे दगड सरकले, कारण तो गोंद उष्णतेनं मऊ पडतो. वजन पेलणाऱ्या जोडाला इपॉक्सी वापरा, आणि बेसखाली 5 × 1 मिमीचं चुंबक लावून ते पत्र्याच्या डब्यात चिकटवा आणि डबा आतल्या खोलीत, भिंतीच्या कपाटात ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि एक डांबरगोळी, कारण सुतळी आणि काड्यांच्या मागावर कसर येते. डांबरगोळी कागदात गुंडाळून, फोमला लागणार नाही अशी.